दोन वर्षांनी शाळा पूर्ण भरणार, पण पोरांचं नेमकं अडलंय कुठे?

हे मी मे २०२२ मध्ये, जूनमध्ये शाळा भरायच्या आधी लिहितोय. जो पोऱ्या जून २०२० मध्ये पहिलीत गेला त्याचा हिशोब आधी मांडून बघा, म्हणजे पुढचं सगळं आपोआप लक्षात येईल. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या, २५ मार्चपासून देशभर लॉकडाऊन लागला. पुढच्या शालेय वर्षात नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२० पासून आणि पाचवी ते आठवीचे २७ जानेवारी २०२१ पासून जमेल तिथे उघडले, पण पहिली ते चौथी उघडलीच नाही. म्हणजे याची पहिली अख्खी घरात गेली. परीक्षा न होताच तो दुसरीत गेला, तेव्हा दुसरी लाट येऊन ठेपली होती. खेड्यातली त्याची शाळा सुरू झाली १ डिसेंबर २०२१ ला, जानेवारीत तिसऱ्या लाटेमुळे परत बंद, मग २४ जानेवारीपासून हळूहळू परत चालू, आणि एप्रिलअखेर वर्ष संपलं. जेमतेम साडेचार महिने शाळा बघितलेला हा पोऱ्या आता जून २०२२ मध्ये तिसरीत बसणार आहे आणि आपण त्याच्या हातात तिसरीचं पुस्तक देणार आहोत.

मी खान्देशात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवतो. यंदा दोन वर्षांनी आखाजी (अक्षय्य तृतीया) मोकळेपणाने झाली, लेकीबाळी माहेरी आल्या, झोके बांधले गेले, आणि जिथे जाईन तिथे तीच तक्रार कानावर आली, "सर, मना पोऱ्याले वाचताच येस नही". कोणी म्हणतं मोबाईलने बिघडला, कोणी म्हणतं आळशी झाला, कोणी म्हणतं याच्या डोक्यातच काही राहत नाही. मला हे ऐकून फार वाईट वाटतं, कारण पोरं बिघडलेली नाहीत. काही ठरावीक गोष्टी त्यांच्या शिकायच्या राहून गेल्यात, काही सवयी सुटल्यात, आणि त्या प्रत्येकामागे समजण्यासारखं कारण आहे, ते कळलं की रागही कमी येतो आणि उपायही सापडतो.

आधी वाचनाचं बघू. आपल्याला एका वेळी डोक्यात फार थोडी माहिती धरून ठेवता येते. मोठा माणूस "गिरणा नदीला पूर आला" हे वाक्य एका नजरेत उचलतो कारण त्याला अक्षरं ओळखायला कष्टच पडत नाहीत, सगळं लक्ष अर्थाकडे असतं. पण ज्याची अक्षरओळख कच्ची आहे तो गि, र, णा करत जातो, वेलांटी आठवतो, पूरचा ऊकार ऱ्हस्व की दीर्घ यात अडकतो, आणि वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात निसटून गेलेली असते. मग आपण विचारतो कशाला पूर आला, तर तो गप्प. आपल्याला वाटतं लक्षच नव्हतं, खरं तर सगळं लक्ष अक्षरांवरच खर्च झालं. अक्षरं आणि जोडाक्षरं डोळ्याला सवयीची व्हायला पहिली-दुसरीतला रोजचा सराव लागतो, आणि नेमका तोच यांना मिळाला नाही. मग तिसरीपासून सगळेच विषय वाचूनच शिकायचे असतात, म्हणून मराठी अडलं की परिसर अभ्यास अडतो, गणितातली शाब्दिक उदाहरणं अडतात, सगळंच अडतं.

इथे एक फरक समजून घ्या, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आहे. न वाचता येणारी पोरं दोन प्रकारची आहेत. जो आता पाचवीत चाललाय तो मार्च २०२० मध्ये दुसरीत होता, त्याला वाचता येत होतं, तो विसरलाय. आणि जो तिसरीत चाललाय त्याला कधी नीट येतच नव्हतं. एकदा शिकून विसरलेलं परत शिकायला पहिल्यापेक्षा बराच कमी वेळ लागतो, हे माणसाच्या स्मरणशक्तीवर फार जुन्या काळापासून झालेल्या प्रयोगांतून दिसलंय आणि वर्गातही रोज दिसतं. पाचवीच्या पोराला दुसरीचं पुस्तक देऊन रोज थोडं मोठ्याने वाचायला लावा, काही आठवड्यांत जीभ सुटते. तिसरीच्या पोराला मात्र अक्षरांपासून पूर्ण वेळ द्यावा लागेल, त्याला घाई करून चालणार नाही. दोघांना एकाच मापाने मोजून "दोघंही ढ" म्हणणं हा अन्याय आहे.

कापसाची लागवड करणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. ओळीत काही ठिकाणी बी उगवलं नाही तर आपण अख्खं शेत मोडून परत पेरत नाही, कुठे खाली राहिलंय ते बघतो आणि तेवढ्याच नांग्या भरतो, आणि वेळेत भरतो. पोराचंही तसंच बघायचं, नेमकं कुठे खाली राहिलंय? अक्षरात, काना-मात्रेत, जोडाक्षरात की समजण्यात? घरबसल्या तपासता येतं. दुसरीच्या पुस्तकातला चार-पाच ओळींचा उतारा द्या. भराभर वाचून स्वतःच्या शब्दांत सांगितलं तर ठीक, अडखळला तर पहिलीची साधी वाक्यं, तिथेही अडला तर सुटे शब्द, मग अक्षरं. जिथे तो आरामात चालतो तिथून सुरुवात करायची, वर्ग कोणताही असो. सातवीतल्या पोराला पहिलीचं पुस्तक देताना चारचौघांत देऊ नका एवढं मात्र सांभाळा, त्या वयात लाज फार लागते.

हे काही आपल्याच गावात झालेलं नाही. अझीम प्रेमजी फाउंडेशनने जानेवारी २०२१ मध्ये पाच राज्यांतल्या सरकारी शाळांत दुसरी ते सहावीच्या १६,०६७ मुलांची पाहणी केली होती, त्यात ९२ टक्के मुलं भाषेतली आधी येणारी निदान एक गोष्ट विसरलेली निघाली, गणितात ८२ टक्के. त्यात महाराष्ट्र नव्हता, पण हाच प्रकार मी रोज समोर बघतो. म्हणजे वर्गात दहातली नऊ पोरं अडली असतील तर दोष पोरांच्या डोक्यात शोधून काय मिळणार?

"पण ऑनलाईन शाळा तर चालू होती ना" असं शहरातले नातेवाईक विचारतात. "शाळा बंद, पण शिक्षण आहे" म्हणून रोजचा अभ्यास व्हॉट्सअ‍ॅपवर येत होता, आम्ही पाठवत होतो, ओट्यावर आणि देवळात पाच-पाच पोरं बसवून शिकवणारे शिक्षकही खूप होते. पण प्रथम संस्थेची 'असर २०२१' ही ग्रामीण भागातली पाहणी सांगते की शाळेत नाव असलेल्या ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता आणि त्यातल्या साधारण चौथ्या हिश्श्याच्या मुलांना तो हातातच मिळत नव्हता. फोन बापासोबत शेतात किंवा कामावर गेलेला असतो आणि रात्री घरी येतो तेव्हा पोर झोपलेलं असतं. धडगाव, अक्कलकुवाकडच्या पाड्यांवर तर फोन असूनही रेंज नाही.

आणि भाषेची गोष्ट आहेच. आपल्याकडे घरात अहिराणी, सातपुड्यात पावरी, भिली, आणि पुस्तक प्रमाण मराठीत. ही पुस्तकाची मराठी मूल कुठे शिकतं, तर शाळेत, बाई रोज बोलतात ते ऐकून, गोष्टीतून, गाण्यातून. दोन वर्षं ते ऐकणंच बंद झालं. म्हणून बऱ्याच पोरांना अक्षर लागतं तरी शब्दाचा अर्थ लागत नाही. यावर घरी मराठीतच बोला असा उपाय कोणी सांगितला तर ऐकू नका. पोराला गोष्ट आधी अहिराणीत किंवा पावरीत सांगा, त्याच्याकडून ऐकून घ्या, मग तीच गोष्ट पुस्तकातून वाचा, आता अर्थ आधीच डोक्यात असल्यामुळे सगळं बळ अक्षरांना मिळतं. आजी-आजोबांना वाचता येत नसेल तरी हे काम ते आईबापापेक्षा छान करतात.

गणिताचं चित्र थोडं वेगळं दिसतं. जी पोरं किराणा दुकानावर बसली किंवा बापासोबत बाजाराला गेली ती तोंडी हिशोबात पटाईत झालीत, ऐंशीचा माल दिला आणि दोनशेची नोट आली तर परत किती हे लगेच सांगतात, पण तेच वजाबाकीचं गणित पाटीवर मांडा म्हटलं की हातचा कुठे घ्यायचा कळत नाही. अशांना परत शून्यापासून शिकवू नका, त्याच दुकानाच्या हिशोबाला कागदावर उतरवायला शिकवा.

आता बसण्याचं. यंदा जी लेकरं पहिलीत येतील ती मार्च २०२० मध्ये चार वर्षांची होती, अंगणवाड्या बंद होत्या, म्हणजे ओळीत बसणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं, बाईंचं ऐकणं, आईशिवाय चार तास राहणं यातलं फारसं काही त्यांनी केलेलंच नाही. एप्रिलपासून "पहिले पाऊल" नावाने शाळापूर्व तयारीचे मेळावे घेतले, आईंचे गट केले, घरी करायचे खेळ दिले, त्याचा उपयोग होतोय. तरी पहिले काही आठवडे रडारड होणार. मोठ्या पोरांतही हेच वेगळ्या रूपात दिसतं, मधल्या सुट्टीत भांडणं वाढलीत, हरलं की खेळ सोडून जातात, लहानशा शब्दाने डोळ्यात पाणी येतं. बरोबरीच्या पोरांत खेळून, हरून, कट्टी-बट्टी करूनच हे सगळं शिकायचं असतं, ते कोणी फोनवर शिकवू शकत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की शाळा उघडल्यावर पहिले आठ-पंधरा दिवस लंगडी, खो-खो, गोष्टी आणि गाणी यांनाच जास्त वेळ द्यावा, पोर्शन राहतो म्हणून पालकांनी ओरडू नये. उन्हात-उजेडात खेळण्याचा डोळ्यांनाही फायदा आहे, सतत जवळचं बघून चष्मा लागण्याचं प्रमाण बाहेर खेळणाऱ्या मुलांत कमी आढळतं.

एकाजागी लक्ष लागत नाही ही तक्रारही याच्याशीच जोडलेली. मोबाईलवर दर काही सेकंदाला नवीन काहीतरी येतं, कंटाळा आला की बोटाने वर सरकवलं की झालं. वर्गात पस्तीस-चाळीस मिनिटं एकच गोष्ट, आणि कंटाळा आला तरी थांबायचं. कंटाळा सहन करणं ही सवय आहे, सुटलेली सवय परत लागते, पण टप्प्याने. घरी अभ्यासाला आधी दहा-पंधरा मिनिटं बसवा, मग उठू द्या, पाणी प्या, परत बसा, आणि ही मिनिटं हळूहळू वाढवा. पहिल्याच दिवशी दोन तास कोंडून बसवलं तर पोर फक्त अभ्यासाचा तिरस्कार करायला शिकेल.

झोपेचं मात्र आत्ताच करायला घ्या, शाळेच्या आदल्या रात्री नाही. आपल्या शरीरात एक घड्याळ असतं आणि ते मुख्यतः उजेडावर चालतं. सकाळचा उजेड डोळ्यावर पडला की ते पुढचा दिवस मोजायला लागतं आणि रात्री त्या हिशोबाने झोप आणतं. दोन वर्षं पोरं रात्री बारा-एकपर्यंत जागी, सकाळी नऊला उठणार, ते घड्याळ पुढे सरकलंय. त्यात तेरा-चौदा वर्षांपुढे झोप येण्याची वेळच नैसर्गिकपणे उशिरा होते, त्यामुळे दहावीतला पोरगा "झोपच येत नाही" म्हणतो ते खोटं नसतं. आज एकदम दहाला झोप म्हटलं तर तो अंधारात डोळे उघडे ठेवून पडेल. दर दोन-तीन दिवसांनी वीस-तीस मिनिटं अलीकडे आणा, आणि झोपायच्या वेळेपेक्षा उठायची वेळ पक्की धरा, उठल्यावर लगेच बाहेर उजेडात काढा. आपल्याकडे उन्हाळ्यात गच्चीवर, धाब्यावर (मातीच्या सपाट छतावर) झोपायची पद्धत आहे ना, ती यासाठी फार चांगली, सूर्य उगवला की आपोआप जाग येते, फक्त फोन खाली घरात राहू द्या. सहा ते बारा वयाला नऊ ते बारा तास आणि त्यापुढच्या पोरांना आठ ते दहा तास झोप लागते, यात काटछाट करून अभ्यास करून घेतला तर शिकलेलंही पक्कं होत नाही, कारण दिवसभराचं शिकलेलं मेंदू झोपेतच बसवतो.

लिहिण्याबद्दल थोडक्यात. हाताच्या बारीक स्नायूंना सराव लागतो, तो गेलाय, म्हणून पान भरलं की हात दुखतो आणि अक्षर वाकडं होतं. बोर्डालाही हे माहीत होतं, म्हणून मार्च २०२२ ची दहावी-बारावी ७५ टक्के अभ्यासक्रमावर घेतली आणि मोठ्या पेपरला अर्धा तास जास्त दिला. पुढच्या वेळी अशी सवलत असेलच असं धरून चालू नका. यंदा दहावीत जाणाऱ्या पोरांनी रोज एक पान हाताने लिहायला जूनपासूनच सुरुवात करावी, फेब्रुवारीत नाही.

भीतीवर जरा सविस्तर बोलायचंय, कारण हे घराघरात चुकीचं समजलं जातंय. काही पोरांचं सकाळी पोट दुखतं, मळमळतं, डोकं दुखतं, आणि रविवारी काहीच नाही. लोक म्हणतात नाटक करतो. नाटक नसतं ते, घाबरल्यावर पोट खरंच दुखतं, आतडं आणि मेंदू एकमेकांशी जोडलेले आहेत. पण पुढे काय होतं बघा. पोर म्हणतं जात नाही, आपण म्हणतो राहू दे आज, आणि त्या क्षणी त्याला एकदम हलकं वाटतं. मेंदू लगेच शिकतो की घरी राहिलं की सुटका होते, म्हणून दुसऱ्या दिवशी भीती आणखी मोठी होऊन येते. प्रत्येक दांडीने शाळा जास्त अवघड होत जाते. मारून नेलं तर भीती दुप्पट होते, घरी ठेवलं तरी वाढते, म्हणून मधला रस्ता धरावा लागतो. पहिले दिवस फाटकापर्यंत सोबत जा, दोन तास बसू दे, मग मधल्या सुट्टीपर्यंत, मग पूर्ण दिवस. जायचं रोज, भले थोडा वेळ. शेजारचा एखादा मित्र बोलावायला आला तर निम्मं काम होतं. ताप, उलट्या, वजन उतरणं असं काही असेल किंवा महिनाभर करूनही पोर हलत नसेल तर डॉक्टरला दाखवा.

आणि ज्या घरात एप्रिल-मे २०२१ च्या लाटेत माणूस गेलं त्या घरातल्या लेकराची भीती वेगळी. त्याने आईला किंवा बापाला अँब्युलन्समध्ये बसताना बघितलं आणि परत बघितलंच नाही. ते शाळेत यायला घाबरतं कारण घरी उरलेलं माणूस आपण नसताना जाईल असं त्याला वाटतं. त्याला "रडू नको, शूर हो" सांगू नका. दुपारी फोन करून घरी उरलेल्या माणसाचा आवाज ऐकवा, घरी कोण असणार, किती वाजता घ्यायला येणार ते आधी सांगा आणि ती वेळ पाळा. अशा मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे, दोन्ही पालक गेलेल्यांसाठी केंद्राची पीएम केअर्सची मदत होती, तिची नोंदणी आता बंद झाली आहे, जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात चौकशी करा. कोणतंही मूल अडचणीत असेल तर १०९८ हा चाईल्ड हेल्पलाईनचा नंबर फुकट लागतो.

आजाराच्या भीतीबद्दल विचाराल तर पंधरा ते अठरा वयाची लस ३ जानेवारी २०२२ पासून आणि बारा ते चौदाची १६ मार्च २०२२ पासून सुरू झाली होती. राज्यातले निर्बंध गुढीपाडव्याला, २ एप्रिल २०२२ ला उठले. शाळा भरल्या की सर्दी-खोकल्याची साथ येणार, इतके दिवस एकमेकांत न मिसळलेली पोरं एकत्र आली की ते होतंच. तापातल्या पोराला घरी ठेवा, बाकी खिडक्या उघड्या आणि हात धुतलेले एवढं पुष्कळ.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती वर्गात न परतलेल्यांची. आठवी-नववीतली पोरं या दोन वर्षांत कापूस वेचायला लागली, रावेर-यावलकडे केळीच्या गाड्या भरायला लागली, कोणी सुरतला गेलं, नंदुरबारकडची कुटुंबं ऊसतोडीला गुजरातला जातात तेव्हा पोरंही सोबत जातात. हातात पैसे यायला लागले की वर्गात बसणं जड जातं आणि घरालाही त्या पैशांची सवय होते. पोरींचं तर ऑक्टोबर २०२१ च्या शेवटी शाळा सुरू होऊन स्थिरावत होत्या तेवढ्यात एसटीचा संप लागला, तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. पोरींचा एसटीचा पास फुकट असतो, पण बसच नाही तर पास काय कामाचा? रिक्षाला रोजचे पैसे कोण देणार, म्हणून आठ-दहा किलोमीटरवरच्या हायस्कूलला जाणाऱ्या कितीतरी पोरी घरी बसल्या, आणि घरी बसलेल्या पोरीला स्थळं यायला वेळ लागत नाही. आता बस सुरू झाल्यात. तुमच्या गल्लीत अशी पोरगी असेल तर तिच्या घरी जाऊन बोला, अठराच्या आत लग्न कायद्याने गुन्हा आहे हे सांगा, पण त्याआधी बस किती वाजता येते आणि सोबत कोण जाईल ते जुळवून द्या, आईबाप बहुतेक वेळा त्यावरच अडलेले असतात.

कागदावरून अडवलं तर हे लक्षात ठेवा. सहा ते चौदा वयाच्या मुलाला त्याच्या वयाप्रमाणे वर्गात प्रवेश मिळणं हा २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने हक्क आहे (राज्यात २०२३ पासून सहावी ते आठवीत असा प्रवेश घ्यायला पाचवीची परीक्षा पास व्हावी लागते), मधली दोन वर्षं गेली म्हणून खालच्या वर्गात बसवायचं नाही, मागे राहिलेलं भरून काढायला शाळेने वेगळं शिकवायचं. खासगी शाळेची फी थकली म्हणून टीसी मिळत नसेल तरी सरकारी किंवा अनुदानित शाळेला आठवीपर्यंत टीसीसाठी प्रवेश नाकारता येत नाही. आणि नववीनंतर ज्याची शाळा पूर्णच सुटली तो १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी देऊ शकतो, त्या फॉर्मची मुदत दरवर्षी बोर्ड जाहीर करतं, जवळच्या हायस्कूलमध्ये जाऊन ती विचारून ठेवा.